बायोसमध्ये पर्यायच नसलेल्या जुन्या क्यू६६०० चा वेग टेप लावून वाढवावा का?

निरंतर

नमस्कार. माझ्याकडे इंटेलचा कोअर २ क्वाड क्यू६६०० हा प्रोसेसर असलेला, एका मोठ्या कंपनीने तयार करून विकलेला डेस्कटॉप आहे. जुन्या कॅसेट आणि स्पूल टेपवरची ध्वनिमुद्रणे संगणकावर घेऊन त्यांतली खरखर काढण्याचे काम मी त्यावर करतो. ज्या पीसीआय कार्डातून आवाज आत घेतो, त्याचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाहीत आणि नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉटही मिळत नाही, त्यामुळे हा संच बदलणे मला परवडणारे असले तरी सोयीचे नाही. खरखर काढण्याची प्रक्रिया सुरू झाली की चारही कोअर पूर्ण क्षमतेने राबतात आणि वेळ तिथेच जातो.

बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या मांडणीत, तारीख, वेळ आणि बूट क्रम यांपलीकडे बदलता येईल असे काहीही नाही. प्रोसेसरच्या तळाशी असलेल्या एका विशिष्ट पॅडवर (सॉकेटच्या पिनेला टेकणाऱ्या धातूच्या ठिपक्यावर) टेप लावली, तर मदरबोर्ड २६६ ऐवजी ३३३ मेगाहर्ट्‌झचा बस वेग (प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीचा मूळ ठोका) देतो आणि प्रोसेसर २.४ वरून ३.० गिगाहर्ट्‌झवर जातो, असे मी वाचले आहे. हे खरोखर कसे घडते, त्यात कायमचे नुकसान होण्याचा धोका किती, आणि माझ्या पीसीआय कार्डाचा वेगही त्यामुळे बिघडेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अनुनाद

आधी यंत्रणा समजून घेऊ, म्हणजे धोक्याचा अंदाज आपोआप येईल. तुमच्यासारख्या एलजीए ७७५ सॉकेटच्या प्रोसेसरवर बीसेल नावाचे तीन संकेत असतात: बीसेल०, बीसेल१ आणि बीसेल२. आपल्याला कोणता बस वेग हवा आहे, हे प्रोसेसर या तीन संकेतांतून मदरबोर्डवरच्या क्लॉक जनरेटरला (ठोके देणाऱ्या चिपला) आणि चिपसेटला (प्रोसेसर, मेमरी आणि कार्डे जोडणाऱ्या चिपांना) कळवतो. तिन्ही संकेत खाली, म्हणजे कमी व्होल्टेजवर, असले तर २६६, फक्त बीसेल१ वर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर, असला तर २०० आणि फक्त बीसेल२ वर असला तर ३३३. प्रोसेसर हे संकेत केवळ खाली ओढू शकतो. वर नेण्याचे काम मदरबोर्डवरचा रेझिस्टर करतो. म्हणून बीसेल२ चा पॅड झाकला की मदरबोर्डला तो संकेत वर दिसतो आणि समोर ३३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आहे अशी त्याची समजूत होते. क्यू६६०० चा मल्टिप्लायर, म्हणजे बस वेगाला गुणणारा आकडा, ९ आहे, त्यामुळे ९ गुणिले ३३३ म्हणजे ३.० गिगाहर्ट्‌झ.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. ३३३ हा मदरबोर्डच्या ओळखीचा, अधिकृत वेग असेल तर पीसीआय आणि साटा (डिस्कची जोडणी) यांचे वेग जागच्या जागी राहतात. बस वेग मधल्याच एखाद्या आकड्यावर नेला आणि पीसीआयचा वेग त्याच्याशी बांधलेला असला, तरच कार्डे आणि डिस्क बिघडतात.

मात्र एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि सगळे तिच्यावरच अवलंबून आहे: तुमच्या मदरबोर्डचा चिपसेट कोणता आहे?

निरंतर

सविस्तर उत्तराबद्दल आभार. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिपसेट क्यू३५ दिसतो. मेमरी डीडीआर२-८०० आहे.

अनुनाद

मग पाया चांगला आहे. क्यू३५ हा २००७ च्या पिढीतला चिपसेट असून १३३३ चा बस वेग, म्हणजेच एका ठोक्याला चार वेळा माहिती पाठवणारे ३३३ मेगाहर्ट्‌झ, त्याला अधिकृतपणे चालतो. त्याआधीच्या क्यू९६५ ची अधिकृत मर्यादा १०६६ होती आणि त्यावर हाच प्रयोग मी सुचवला नसता. मेमरीचीही अडचण दिसत नाही, कारण ३३३ वर १:१ प्रमाण धरले तर तिला ६६७ वरच चालायचे आहे.

तप्तमुद्रा

अनुनाद यांच्या विवेचनाशी सहमत आहे, पण चिपसेट चालला म्हणजे काम झाले असे मानू नये. अशा तयार संचांत खरी मर्यादा बहुतेक वेळा प्रोसेसरची नसून त्याला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमची असते. सॉकेटशेजारी चौकोनी कॉइल आणि त्यांच्याजवळ चपटे काळे मॉस्फेट (याच वीजपुरवठ्याचे स्विच) दिसतील. त्यांच्यावर हीटसिंक आहे की ते उघडेच आहेत, हे आधी पाहा.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज तेवढेच ठेवून वेग २.४ वरून ३.० केला, तर वाढ फार तर पंचवीस टक्के होते. जी० स्टेपिंगच्या (चिपच्या नंतरच्या आवृत्तीच्या) क्यू६६०० चा टीडीपी, म्हणजे थंड करण्यासाठी गृहीत धरायची वीज, ९५ वॅट आहे, म्हणजे अंदाजे ११९ वॅटपर्यंत तयारी हवी. याउलट व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवले, तर १.२५ गुणिले १.२१ म्हणजे दीडपटीच्या आसपास वीज लागते. टेपच्या प्रयोगात व्होल्टेजला हात लागत नाही, हीच त्यातली सर्वांत चांगली बाजू आहे.

तुमचा प्रोसेसर जी० आहे की बी३, तेही पाहा. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावर एसएलएसीआर छापले असेल तर जी०, एसएल९यूएम असेल तर बी३. बी३ चा टीडीपी १०५ वॅट आहे आणि वरचे आकडे त्या प्रमाणात वाढतात.

शंकेखोर

मला या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजनच कळत नाही. इतक्या जुन्या प्रोसेसरला पंचवीस टक्के वेग देऊन तो आजच्या साध्यातल्या साध्या प्रोसेसरच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यात एसएसई४.२ हा आदेशसंच नाही, त्यामुळे विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही. एव्हीएक्स हा आदेशसंचही नाही, त्यामुळे कित्येक नवी सॉफ्टवेअर चालत नाहीत. त्यापेक्षा डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, रॅम वाढवा आणि जड प्रक्रिया दुसऱ्या नव्या संगणकावर करा. आवाज आत घेण्यापुरते जुने यंत्र आहेच की.

निरंतर

शंकेखोर, तुमचा मुद्दा रास्त आहे. एसएसडी आधीच बसवली आहे. दुसऱ्या संगणकाचा विचारही केला होता, परंतु मी वापरतो त्या खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना या यंत्राशी बांधलेला आहे आणि त्याची निर्मिती बंद झाल्याने परवाना हलवता येत नाही. शिवाय एका ध्वनिफितीची खरखर ऐकून, मापे थोडी बदलून, पुन्हा प्रक्रिया चालवून पाहण्यात माझा दिवस जातो. एका तासाची प्रक्रिया अठ्ठेचाळीस मिनिटांवर आली, तर तो फरक मला पुरेसा आहे.

सिलिका

टेपवरच्या आवाजासाठी प्रोसेसरलाही टेप, हा योग मला मनापासून आवडला.

ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, की ही युक्ती क्यू६६०० च्याही पुष्कळ आधीची आहे. १९९८ मध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्याचा बस वेग ६६ मेगाहर्ट्‌झ आणि मल्टिप्लायर ४.५ होता. तो स्लॉट १ मध्ये उभा बसणारा प्रोसेसर असल्याने त्याच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असे. तिच्यातली बी२१ ही पट्टी झाकली की मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्‌झचा वेग देई आणि प्रोसेसर ४५० वर धावू लागे. त्या वेळी इंटेलचा सर्वांत वेगवान पेंटियम २ देखील ४५० चाच होता. सेलेरॉनची एल२ कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) फक्त १२८ केबी होती, पण ती प्रोसेसरच्या चिपवरच असल्याने पूर्ण वेगाने चाले. पेंटियम २ ची ५१२ केबी कॅश निम्म्या वेगाची होती. म्हणूनच हा स्वस्त प्रोसेसर त्या महागड्या प्रोसेसरच्या बरोबरीने उभा राहू शकला.

अनुनाद यांनी पीसीआयबद्दल जे सांगितले, त्याचा पुरावाही याच काळात मिळतो. १०० मेगाहर्ट्‌झवर पीसीआयसाठी एक तृतीयांश भाग मिळे, म्हणजे नेहमीचेच ३३. पण काही जण ८३ मेगाहर्ट्‌झवर थांबत आणि तिथे निम्मा भाग लागू होई, त्यामुळे पीसीआय ४१.५ वर पळे. प्रोसेसर तक्रार करत नसे. डिस्कवरच्या फायली मात्र हळूहळू खराब होत आणि कारण कुणाच्या लक्षात येत नसे.

मधलीफळी

सिलिका, पेन्सिलचा उल्लेख राहिला. २००० सालच्या एएमडीच्या सॉकेट ए वरच्या थंडरबर्ड अॅथलॉन आणि ड्युरॉन या प्रोसेसरांच्या वरच्या बाजूला एल१ नावाचे छोटे पूल होते. कारखान्यात ते तोडून मल्टिप्लायर बंद केला जाई. साध्या पेन्सिलीने त्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढली की शिसातले ग्राफाइट वीज वाहून नेई आणि मल्टिप्लायर खुला होई. पुढे २००१ च्या अॅथलॉन एक्सपीमध्ये एएमडीने हे पूल लेसरने खोल कापले. मग आधी तो खड्डा पटकन वाळणाऱ्या गोंदाने बुजवायचा आणि त्यावरून वाहक रंगाची रेघ ओढायची, अशी दुहेरी कसरत करावी लागे.

शंकेखोर

आजच्या प्रोसेसरवर असे का होत नाही? बंदी घातली म्हणून, की शक्यच नाही म्हणून?

अनुनाद

दोन्ही कारणे आहेत. इंटेलच्या बाबतीत २०११ च्या सँडी ब्रिजपासून क्लॉक जनरेटर चिपसेटमध्येच गेला आणि प्रोसेसर, पीसीआय एक्सप्रेस, साटा हे सारे एकाच १०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ वेगाला बांधले गेले. तो वेग थोडाफार वाढवला तरी बाकीचे भाग कोलमडतात. त्यामुळे मल्टिप्लायर हाच एक मार्ग उरला आणि तो के अक्षराच्या प्रोसेसरपुरता राखून ठेवण्यात आला. कोअर २ ची पिढी ही टेपच्या युक्तीची शेवटची मोठी पिढी म्हणता येईल.

विद्युत्

माझ्याकडे पेंटियम ई५३०० आहे, २.६ गिगाहर्ट्‌झचा. त्यालाही अशीच टेप लावता येईल का?

तप्तमुद्रा

विद्युत्, तुमच्या प्रोसेसरला टेप उपयोगाची नाही. ई५३०० चा बस वेग २०० आहे, म्हणजे त्याचा बीसेल१ वर आहे. २६६ साठी तो खाली न्यावा लागेल आणि झाकून संकेत खाली जात नाही. त्यासाठी तो पॅड वाहक रंगाने ग्राउंडच्या पॅडला जोडावा लागतो. शिवाय त्याचा मल्टिप्लायर १३ असल्याने २६६ वर तो थेट ३.४६ गिगाहर्ट्‌झवर जाईल. मूळ व्होल्टेजवर एवढी मोठी उडी पेलेलच असे नाही आणि तुमच्या बायोसमध्ये व्होल्टेजचा पर्याय नसेल तर मधला मुक्कामही नाही. माझे मत विचाराल तर करू नका. रंगाचा थेंब शेजारच्या पॅडवर ओघळला तर निस्तरणे अवघड होते. टेप मात्र काढून टाकता येते.

मधलीफळी

व्होल्टेजच कमी पडत असेल, तर व्हीआयडीचे पॅडही याच पद्धतीने बदलता येतात ना? तसे केलेल्यांची छायाचित्रे मी पाहिली आहेत.

तप्तमुद्रा

येतात, आणि म्हणूनच मी त्यापासून दूर राहण्यास सांगतो. बीसेल चुकला तर पडद्यावर काहीच येत नाही. तुम्ही टेप काढता आणि यंत्र पूर्ववत होते. व्हीआयडी हा प्रोसेसरने मागितलेल्या व्होल्टेजचा सांकेतिक आकडा असतो. त्यातल्या एका पॅडने साडेबारा मिलिव्होल्टचा फरक पडतो, तर दुसऱ्या एखाद्याने काहीशे मिलिव्होल्टचा. पॅड ओळखण्यात एका घराची गल्लत झाली, तर बटण दाबल्याक्षणी किंमत मोजावी लागते. इंटेलने ६५ नॅनोमीटरच्या क्यू६६०० साठी व्हीआयडीची वरची मर्यादा १.५ व्होल्ट दिली आहे, तर ४५ नॅनोमीटरच्या पिढीसाठी ती १.३६२५ आहे. विद्युत् यांचा ई५३०० दुसऱ्या गटातला आहे. जुन्या प्रोसेसरची सवय घेऊन नव्यावर हात टाकणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

मदरबोर्डवरच्या रेझिस्टरवर पेन्सिल घासून भाराखाली घसरणारे व्होल्टेज सावरण्याचा प्रकारही पुष्कळ जण करत. तो काम करतो, कारण ग्राफाइटचा थर समांतर वाट देऊन एकूण विरोध कमी करतो. पण तो थर झिजतो, हलतो आणि विरोध पुन्हा बदलतो. महत्त्वाचे काम चालणाऱ्या यंत्रावर असा न टिकणारा बदल मला मान्य नाही.

सिलिका

निरंतर, आता प्रत्यक्ष कृतीकडे येते. तुम्हाला हवा असलेला पॅड जी३० हा आहे. इंटेलच्या माहितीपत्रकात पॅडची जी आकृती असते, ती प्रोसेसरकडे वरून पाहताना दिसेल तशी काढलेली असते. तुम्ही प्रोसेसर उलटा करून पॅडकडे पाहता तेव्हा डावे-उजवे बदलते. सर्वाधिक लोक इथेच फसतात. कडेच्या दोन खाचा खूण म्हणून धरा, आकृती कागदावर आरशातल्यासारखी उलटी काढून घ्या आणि मगच रांगा मोजा. जी२९ आणि एच३० हे त्याला लागून असलेले पॅड बीसेलचेच आहेत, त्यामुळे टेप तिकडे सरकता कामा नये.

टेप पातळ हवी. वायरींना गुंडाळायची जाड टेप नको, कारण तिचा गोंद उष्णतेने पसरून सॉकेटच्या पिनांना लागतो. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पातळ टेप) मिळाली तर उत्तम. तिचा पॅडपेक्षा जरासा मोठा तुकडा धारदार पात्याने कापा, चिमट्याने ठेवा आणि काडीच्या बोथट टोकाने दाबा. बोटांनी पॅडला स्पर्श करू नका. प्रोसेसर सॉकेटमध्ये सरळ वरून ठेवा, सरकवू नका. त्या पिना वाकल्या तर मदरबोर्ड हातचा जातो.

शंकेखोर

उष्णतेसाठी झाकण काढून आतली पेस्ट बदलण्याचा सल्लाही अनेक ठिकाणी दिसतो. मग तेही करावे का?

सिलिका

क्यू६६०० वर मुळीच नको. तो सल्ला २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासूनच्या प्रोसेसरसाठी आहे, ज्यांत झाकणाखाली पेस्ट होती. क्यू६६०० चे झाकण आत चिपला सोल्डर केलेले आहे. पाते घालून उचकटले तर चिपच तुटते. पेस्टपेक्षा सोल्डर उष्णता चांगली वाहून नेते, त्यामुळे तिथे मिळवण्यासारखेही काही नाही. हीटसिंक काढून जुनी, वाळलेली पेस्ट पुसा, नवी लावा, पंख्यातली धूळ काढा. एवढ्यानेच फरक दिसेल.

अनुनाद

एक विनंती. टेप लावल्यावर पहिल्यांदा विंडोज सुरू करू नका. डिस्कची जोडणी काढून ठेवा आणि मेमटेस्ट८६+ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम यूएसबीवरून चालवा. मेमरीत चूक असेल तर ती डिस्कवर लिहिली जाण्याआधी कळलेली बरी. ते निर्दोष पार पडले की प्राइम९५ या पूर्ण भार देणाऱ्या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी प्रोसेसरसाठी आणि ब्लेंड चाचणी मेमरीसाठी चालवा. तुमच्या कामात एखादी चूक ध्वनिफितीत बारीक टचकन आवाज म्हणून शिरेल आणि ती मूळ फितीतली समजून तुम्ही ती काढत बसाल. तेव्हा चाचणीला रात्रभर वेळ द्या.

निरंतर

सर्वांच्या सूचनांनुसार काम केले, त्याचा वृत्तांत देतो. प्रोसेसर जी० निघाला. आकृती उलटी काढून घेण्याचा सिलिका यांचा सल्ला फार उपयोगी पडला. यंत्र सुरू झाले, बायोसने बस वेग १३३३ दाखवला आणि मेमरी ६६७ वर आली. मेमटेस्ट निर्दोष आहे. पीसीआय कार्डातून मुद्रित केलेला चाचणीचा स्वर आधीच्याशी ताडून पाहिला. वेगात फरक नाही.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. प्राइम९५ सुरू केल्यावर काही वेळ ३.० गिगाहर्ट्‌झ दिसतात, मग अचानक २.० दिसू लागतात आणि थोड्या वेळाने पुन्हा ३.०. कोर टेम्प या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सर्वांत गरम कोअर ७४ अंशांवर आहे. चाचणीत चूक एकही येत नाही.

मधलीफळी

वीज वाचवणारी स्पीडस्टेप सुविधा बायोसमध्ये चालू असेल. क्यू६६०० चा सर्वांत खालचा मल्टिप्लायर ६ आहे आणि ६ गुणिले ३३३ म्हणजे बरोबर २.०.

तप्तमुद्रा

मधलीफळी, आकडा बरोबर आहे, पण स्पीडस्टेप यंत्र रिकामे असताना वेग उतरवते; इथे तो पूर्ण भाराखाली उतरतो आहे. क्यू६६०० जी० स्वतःचे रक्षण यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला सुरू करतो, त्यामुळे ७४ वर तो घाबरण्याचे कारण नाही. माझा संशय व्हीआरएमवर आहे. ते तापले की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या प्रॉकहॉट या संकेतावरून त्याला वेग उतरवायला लावतात. एक छोटा पंखा मॉस्फेटवर वारा येईल असा तात्पुरता ठेवून चाचणी पुन्हा करा.

निरंतर

तप्तमुद्रा, तुमचे निदान अचूक ठरले. मॉस्फेट उघडेच होते. आठ सेंटिमीटरचा पंखा त्यांच्याकडे तोंड करून ठेवला आणि रात्रभराच्या चाचणीत वेग एकदाही ३.० खाली आला नाही. आता त्यांच्यावर चिकटवायचे छोटे अॅल्युमिनियम हीटसिंक मागवले आहेत आणि पंखा पेटीला पक्का बसवतो आहे. यापुढे व्होल्टेजच्या वाटेला जाणार नाही.

शंकेखोर

प्रत्यक्ष कामात किती फरक पडला, तेही लिहा.

निरंतर

मेमरी ६६७ वरच असल्याने थोडी घट धरली होती, पण खरखर काढण्याची प्रक्रिया जवळजवळ वेगाच्या प्रमाणातच लवकर संपते. जी फीत आधी पाऊण तास घेत होती, ती आता सदतीस मिनिटांच्या आत होते.

सिलिका

उत्तम. पेटीच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवून त्यावर 'जी३० वर टेप आहे' असे लिहून ठेवा. प्रोसेसरचे नाव विचारले की तो २.४० गिगाहर्ट्‌झच सांगत राहील आणि पुढे कधी दुरुस्तीला हे यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले, तर ३.० चा आकडा कुठून आला हे शोधण्यात त्याचा वेळ जाईल. कुणी पेस्ट बदलताना प्रोसेसर पुसला आणि टेप निघाली, तर वेग कमी का झाला हेही त्याला कळायला हवे.